निळ्या पिंपातलं पाणी

१

पाद्री योनास यांची गाडी नाकापर्यंत बर्फाच्या ढिगात घुसली होती. पाद्रीबाबा आत ताठ बसून मांडीवरचा केक दोन्ही हातांनी सांभाळत होते.

गुड्नीने आपली गाडी कडेला घेतली, मफलर नाकावर ओढला आणि दार उघडून आत डोकावली.

"धड आहात ना?"

"मी आहे. याचं बघा आधी."

गुड्नीने वरचा कागद बाजूला केला. सुक्या आलुबुखारांचा केक, सात थरांचा. तिने थर मोजले. सातही जागच्या जागी होते.

"मग काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "झालं काय?"

"पुढे ट्रक होता. त्याच्या चाकांनी वाळू न् बर्फाचा सगळा राडा माझ्या काचेवर. मी खटका दाबला. निळं पाणी उडालं, वायपर फिरला आणि बाई, पापणी लवायच्या आत काच पांढरी! कुणी समोर चादर धरावी तशी. रस्ता दिसेना, ट्रक दिसेना. देवाचं नाव घेतलं आणि ब्रेक दाबला."

"याच क्रमाने?"

"आधी ब्रेक," पाद्रीबाबा कबूल झाले. "देवाला ठाऊक आहे ते."

गुरुवारची सकाळ होती आणि पारा उणे छत्तीसवर. तलावाकडून येणारा वारा हाडं मोजत होता. गुड्नीने चष्मा कपाळावर सरकवून काचेवरचा बर्फ नखाने खरवडला. पातळ, कडक थर. निळसर म्हणायचा तर निळसर, नाहीतर पांढराच.

चौतीस वर्षं तिने नोर्डुरविकच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अख्खं गाव तिला अजून 'बाई' म्हणायचं, आणि ती समोर आली की मोठमोठे मिशाळ मच्छिमार नकळत हात खिशातून बाहेर काढायचे.

"पाणी कुठलं भरलंत?"

"बाल्डरच्या गॅरेजातलं. काल. अर्नेलने भरलं. काच पुसून दिली, वर म्हणाला, शनिवारी उशीर करू नका हं पाद्रीबाबा."

बाल्डर म्हणजे गुड्नीचा धाकटा भाऊ. शनिवारी त्याच्या मुलीचं, स्वावाचं लग्न होतं. नवरा मुलगा तोच अर्नेल, लग्न लावणारे हेच पाद्री, आणि मांडीवरचा केकही त्याच लग्नाचा.

पाद्रीबाबांना केकसकट शेजारी बसवून गुड्नी गावाकडे निघाली. पुलाजवळ टपालाची गाडी खड्ड्यात तिरकी उभी होती. पुढे वळणावर परिचारिका लीलिया खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होती, पापण्यांवर बर्फाचे मणी साचलेले. या दोन्ही गाड्यांतही काल अर्नेलनेच पाणी भरलं होतं. एका सकाळी तीन गाड्या आंधळ्या झाल्या होत्या.

गुड्नी गॅरेजसमोर उतरली. दार बंद होतं, तरी भावाचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता.

"लग्न मोडलं! ऐकलंस? मोडलं!"

२

आत बाल्डर लाल होऊन उभा होता. समोर अर्नेल, हातात फडकं, चेहऱ्यावर रक्त नाही. मधे स्वावा, दोघांकडे आळीपाळीने बघत.

"ये ताई, तूच ये!" बाल्डर ओरडला. "विचार याला. पिंपात पाणी ओतून लोकांना वाटलं! तीन लोकांचा जीव गेला असता. पिंपावर 'उणे पंचेचाळीसपर्यंत गोठत नाही' असं छापलंय. सोमवारी मी वाटलं, मंगळवारी मी वाटलं. कुणाची काच गोठली? कुणाची नाही! बुधवारी मी याच्या आईबापांना आणायला विनिपेगच्या विमानतळावर गेलो, गॅरेज याच्या हवाली केलं, आणि त्याच पिंपातलं पाणी गोठलं. आता मी काय समजू?"

"बाबा, तो कशाला पाणी ओतेल?" स्वावा म्हणाली.

"पिंप रिकामं होत आलं असेल. मला सांगायला लाजला असेल. याच्या गावी बर्फ म्हणजे सरबतातला! थंडी म्हणजे काय याला काय कळणार?"

"मी इथे सहा हिवाळे काढलेत," अर्नेल हळूच म्हणाला. "आणि मी पाणी ओतलं नाही."

तो एवढंच बोलला. वर घरात त्याचे आईवडील, मिलाग्रोस आणि रोहेलिओ, स्वयंपाकघरात बसून लग्नासाठी शेवया परतत होते. वास खालपर्यंत येत होता. आपल्या मुलावर खाली काय बेतलंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. अर्नेल आवाज चढवत नव्हता तो त्यांच्यासाठी, हे गुड्नीच्या लक्षात आलं.

तिने उलटं घमेलं ओढलं आणि त्यावर बसली. "बाल्डर, तू गप्प. अर्नेल, काल सकाळपासून सांग. काही गाळू नकोस."

"आत्या, पिंप नेहमीसारखं मागच्या अंगणात होतं. त्याची वाफ पेट घेते, म्हणून वेल्डिंगजवळ ठेवत नाही. सकाळी लीलियाची गाडी आली. मी तोटी फिरवली, थेंब येईना. मग हातगाडीवर घालून पिंप आत आणलं. आधी वेल्डिंग बंद केलं, पंखा लावला. तासाभराने तोटी सुटली. तेच पाणी तिघांना भरलं."

"तेच?"

"तेच."

"बघ, बघ," बाल्डर म्हणाला. "कबूलच करतोय की!"

गुड्नीने भावाकडे लक्ष दिलं नाही. तिने दोन काचेच्या बरण्या मागवल्या. एकीत आपल्या गाडीच्या टाकीतलं पाणी काढलं. ते मंगळवारी बाल्डरने भरलेलं होतं. तेव्हा टाकी ठणठणीत कोरडी होती, त्यामुळे जुन्याची भेसळ नव्हती. दुसरीत पिंपातलं काढलं. बरण्या खिडकीत ठेवल्या. एक गडद निळी, जांभळाकडे झुकणारी. दुसरी इतकी फिकट, की पलीकडचं चर्चसुद्धा दिसावं.

"हे काय मग?" बाल्डरने बोट दाखवलं. "पाणी घातल्याशिवाय रंग उतरतो का?"

"पाणी घातलंय हे नक्की," गुड्नी म्हणाली.

स्वावाने ओठ चावला. अर्नेलने मान खाली घातली.

"पण मला ते कोडं वाटत नाही," ती पुढे म्हणाली. "अर्नेल, पुन्हा एकदा सांग. तोटी गोठली होती, ती तू पिंपाला हात लावायच्या *आधी*?"

३

मागच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे म्हातारा मुंडी राहायचा. त्या पिंपाचं त्याला वावडं होतं आणि हे गावाला तोंडपाठ होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कुत्रीने सांडलेलं निळं पाणी चाटलं होतं. डॉक्टरने तीन दिवस झटून तिला वाचवलं. त्यानंतर मुंडीने दारूच्या गुत्त्यात उभं राहून शपथ घेतली होती, 'एक दिवस ते पिंप मी उलटं करणार.'

"ये गं बाई," त्याने दार उघडलं. कुत्री त्याच्या पायात घोटाळत होती. "मीच केलं असं विचारायला आलीस ना?"

"केलंस?"

"मी केलं असतं तर उलटं केलं असतं. वर पाटी लावली असती, सही करून. पाणी घालून लोकांना फसवायचं? छ्या! मी विषाचा वैरी आहे, माणसांचा नाही. मी स्वतः काचेला व्हिनेगर न् साबणाचं पाणी वापरतो."

"मग तुझी गाडी डिसेंबरपासून हललेली का नाही?"

मुंडीने कुत्रीकडे बघितलं. "नळ्या फुटल्या."

गुड्नी हसली. म्हाताऱ्याने कॉफी ओतली, मग स्वतःच मुद्द्यावर आला.

"शनिवारी मात्र मी एक बघितलं. त्या दिवशी हवा कशी होती आठवतंय? उणे नऊ. पोरं टोपीशिवाय हिंडत होती. थंडीची लाट आली ती रविवारी संध्याकाळी. तर शनिवारी दुपारी कुणीतरी घसरगाडी ओढत पिंपाकडे आलं. कोण ते विचारू नकोस, माझ्या चष्म्यावर वाफ होती. घसरगाडीवर चार बादल्या. भरलेल्या. हिंदकळत होत्या."

"आणि गेलं तेव्हा?"

"तेव्हाही भरलेल्याच! मला वाटलं, हा काय वेडा आहे? भरून आणतो न् भरून नेतो. मग म्हटलं, लग्नघर आहे, वेड लागायचंच."

गुड्नीचा कप ओठांजवळ थांबला.

"आणखी एक विचारू का मुंडी? तरुणपणी तू सफरचंदाच्या दारूचं पिंप हिवाळ्यात बाहेर ठेवायचास ना? का रे?"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "अगं, कडक व्हायला! पाण्याचा भाग गोठून वर बर्फ होतो, अर्क खाली उरतो. तळाची तोटी उघडली की असं काही येतं, की माणूस आपल्या सासूला मिठी मारील! वर उरलेला बर्फ वितळवून प्यायला तर नुसतं पाणी, बेचव…"

तो थांबला. बाई टोपी न घालताच दाराबाहेर पडल्या होत्या.

४

पण घरी जायच्या आधी ती स्काप्टीच्या दुकानात शिरली. गावात काच धुण्याचं पाणी विकणारे दोघंच. एक बाल्डर, दुसरा स्काप्टी. आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकलं तर परक्याला हसू येईल. गावच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवून झाडूने वाट घासायच्या खेळाच्या, अंतिम सामन्यात स्काप्टीचा झाडू दगडाला शिवला, असं बाल्डर म्हणाला. नाही शिवला, असं स्काप्टी म्हणाला. त्याआधी दोघं पाळण्यापासूनचे मित्र, इतके की स्वावाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता स्काप्टीच. त्या दिवसापासून निरोप स्वावाच्या मार्फत जायचे. 'तुझ्या बापाला सांग, त्याच्या छपरावरचा बर्फ माझ्या अंगणात पडतोय.' 'तुझ्या धर्मपित्याला सांग, त्याने अंगण सरकवावं.'

गावात सकाळपासून कुजबुज चालली होतीच, की बाल्डरचं नाव खराब झालं तर फायदा कुणाचा?

"माझ्यावर संशय आहे का बाई?" स्काप्टी गल्ल्यामागे उभा राहत म्हणाला. साठीचा, आडवा, हात फावड्याएवढे. "ते बघा. शेल्फभर माल आहे माझ्याकडे. उणे पंचेचाळीसचा. मी कशाला दुसऱ्याच्या पिंपाला हात लावू?"

शेल्फवर बाटल्यांची रांग होती. सगळ्या गुलाबी.

"निळ्या नाहीत?"

"माझी कंपनी गुलाबीच पाठवते." तो कपडा घेऊन उगाच गल्ला पुसू लागला. "स्वावा कशी आहे? लग्न खरंच मोडलं म्हणतात. पोरगी रडतेय का हो?"

"अजून नाही."

स्काप्टीने कपडा दोनदा घडी घातला. "बाई, शाळेतलं एक विचारू? पाण्यात काय पडलं तर ते उणे अडतीसलाही घट्ट होत नाही?"

"पुष्कळ काही. मीठ, साखर, दारू. का रे?"

"सहज," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

गुड्नी केकवरच्या साखरेच्या थरासाठी खायचा रंग घ्यायला वळली. ती फळी रिकामी होती. लाल होता, पिवळा होता. निळ्याची एकही बाटली शिल्लक नव्हती.

५

शुक्रवारी सकाळी साडेअकराला तिने सगळ्यांना गॅरेजच्या अंगणात उभं केलं. बाल्डर, अर्नेल, स्वावा, लीलिया, पाद्रीबाबा, आणि बोलावलं नसताना मुंडी. मिलाग्रोस आणि रोहेलिओ तीन तीन कोट घालून पायरीवर आले होते. गोष्ट त्यांच्या कानांवर शेवटी गेलीच होती. पारा उणे सदतीसवर होता.

"वर्ग सुरू," गुड्नी म्हणाली, आणि बाल्डर पटकन सरळ उभा राहिला.

पायरीवर तळाला तोटी असलेला एक मोठा डबा होता. "काल दुपारी मी यात दोन भाग चांगलं पाणी ओतलं, लीलियाने दवाखान्यात ठेवलेल्या सीलबंद बाटलीतलं. आणि तीन भाग साधं पाणी. म्हणजे कुणीतरी पिंपात केलं, तसंच. रात्रभर बाहेर ठेवलं. बाल्डर, तोटी उघड."

बाल्डरने तोटी फिरवली. गडद निळी धार बरणीत पडली.

"लीलियाच्या गाडीच्या काचेवर ओत."

त्याने ओतलं. निळं पाणी काचेवरून घळघळ ओघळलं. सगळे टक लावून बघत राहिले. काच स्वच्छ राहिली.

"गोठलं नाही," बाल्डर चक्रावून म्हणाला. "पण तू तर निम्म्याहून जास्त पाणी घातलंस म्हणालीस!"

"आता डब्याचं झाकण काढ."

आत फिकट, भुसभुशीत बर्फ होता. गुड्नीने त्यातला घमेलंभर आधीच घरात वितळवून ठेवला होता. तो तिने काचेच्या दुसऱ्या बाजूला शिंपडला. चर्र आवाज झाला आणि तेवढी बाजू पांढरी झाली, चादर धरल्यासारखी.

"हेच!" पाद्रीबाबा ओरडले. "हेच ते!"

"पाण्याला गोठायची घाई असते, यातल्या मिथेनॉल नावाच्या अल्कोहोलला नसते," गुड्नी म्हणाली. "पातळ केलेलं मिश्रण कडाक्यात ठेवलं की त्यातलं पाणी बर्फ होऊन वर तरंगतं. कडक भाग तळाशी उरतो, आणि पिंपाची तोटी तळाशी आहे. बाल्डर, सोमवारी-मंगळवारी तू तळातला अर्क वाटलास. म्हणून माझ्या बरणीतलं पाणी असं गडद. बुधवारी अर्नेलच्या वाट्याला वरचा बर्फ आला. त्याने तो वितळवला आणि त्याचं फिकट पाणी झालं. पोराने एक थेंब घातलेला नाही."

"पण कशावरून…"

"तोटीवरून. उणे पंचेचाळीसचं पाणी बुधवारच्या उणे अडतीसला तोटीत अडकेलच कसं? ती अडकली तेव्हा अर्नेलने पिंपाला हातही लावला नव्हता. म्हणजे पाणी त्याच्या आधीच पडलं होतं. मंगळवारी संध्याकाळी धार कशी होती रे?"

बाल्डरने टोपी काढली. उणे सदतीसला. "बारीक झाली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, कचरा अडकलाय."

मग तो अर्नेलसमोर जाऊन उभा राहिला.

"मी गाढव आहे," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत बोललो, सगळ्यांदेखतच माफी मागतो. तुझ्या आईवडिलांचीही. थंडी मला कळते म्हणालो ना? काही कळत नाही मला."

अर्नेलने त्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर घातली. "कान गळून पडतील, बाबा," तो म्हणाला. इतके दिवस तो त्याला 'मिस्टर बाल्डर' म्हणायचा. मिलाग्रोसने डोळे पुसले आणि ते पाणी गालावर गोठल्याने दचकली. स्वावा हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली.

"पण मग केलं कुणी?" मुंडी गुरगुरला. "भरून आणलं न् भरून नेलं, तो कोण?"

"तुम्ही सगळे विचारताय, पाणी घातलं कुणी," गुड्नी म्हणाली. "मी कालपासून विचारतेय, निघालेलं निळं गेलं कुठे? चार बादल्या कुणी उगाच नेत नाही. विकायला नेलं म्हणावं तर तेवढंच साधं पाणी भरून कोण ठेवील? ज्याला बाल्डरला कळू द्यायचं नव्हतं, पण त्याचं नुकसानही करायचं नव्हतं, तोच."

स्वावाने डोळे पुसले. "आत्या, हे नंतर बघू या ना. बाराला हॉलवर जायचंय. स्काप्टीकाकाने आमच्यासाठी काहीतरी केलंय, ताडपत्रीखाली. मधल्या सुट्टीत शाळेतली मुलंही येणार आहेत बघायला. म्हणतात, बर्फाची होडी आहे. निळी."

गुड्नीने घड्याळ पाहिलं. बाराला पाच मिनिटं होती.

"गाडी काढा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

६

हॉलच्या अंगणात ताडपत्री उतरली होती. उन्हात एक होडी उभी होती. माणसाएवढ्या उंचीची, जुन्या खलाशी होड्यांसारखी, टोकाला ड्रॅगनचं डोकं. आणि निळी, अशी निळी की आभाळ फिकं पडावं. फक्त ड्रॅगनची मान थोडी वाकली होती. शरमल्यासारखी.

भोवती वीस-बावीस मुलं. एका मुलीने जीभ बाहेर काढली होती आणि शेपटीकडे तोंड नेत होती.

"*जीभ आत!*"

चौतीस वर्षांचा सगळा सराव त्या आवाजात होता. वीस जिभा आत गेल्या. शेजारच्या दुकानातून बाहेर आलेल्या दोन बाप्यांनीही तोंडं मिटली.

"कुणी चाटलंय? खरं सांगा, कुणी ओरडणार नाही. चघळलंय कुणी? हात तोंडात?"

"नाही, बाई," सगळे एका सुरात म्हणाले. लीलियाने एकेकाची जीभ, हातमोजे तपासले. ताडपत्री काढून दोन मिनिटंही झाली नव्हती. कुणालाच काही झालं नव्हतं.

होडीमागे स्काप्टी उभा होता, हातात छिन्नी. बाईंचा चेहरा बघून त्याने छिन्नी पाठीमागे लपवली.

"स्काप्टी, यात काय घातलंस?"

"रंग."

"कुठला?"

त्याने मान खाली घातली. "आधी खायचा घातला होता, बाई. दुकानातला सगळा संपवला. पण गोठताना रंग मधेच गोळा होतो न् कडा पांढऱ्या राहतात. मला सगळी निळी हवी होती. आपले पणजोबा ज्या देशातून इथे आले त्याच्या झेंड्यात निळा आहे आणि अर्नेलच्या देशाच्याही. म्हटलं, दोन्ही घरांचा एकच रंग. माझ्याकडचं पाणी गुलाबी. निळं फक्त…" त्याने बाल्डरकडे न बघता हनुवटी त्या दिशेला केली. "त्याला विचारणार कसं? बोलत नाही आम्ही. म्हणून बदल्यात तेवढंच स्वच्छ पाणी घातलं, माप चुकू नये म्हणून. रंग थोडा उतरेल, म्हटलं, बाकी काय होणार?"

"तीन गाड्या भर रस्त्यात आंधळ्या झाल्या," गुड्नी म्हणाली. "त्या पाण्याला थंडीत पातळ ठेवणारा मिथेनॉल असतो, तोच तुझ्या होडीत आहे. म्हणून ड्रॅगन मान टाकतोय. आणि तोच पोटात गेला तर डोळे जातात, जीवही जातो. यातलाच तुकडा उद्या सरबतात पडला असता तर?"

स्काप्टीच्या हातून छिन्नी पडली. त्याने मुलांकडे बघितलं, मग पाद्रीबाबांकडे, लीलियाकडे, अर्नेलकडे. काल अर्नेलवर काय आलं होतं ते त्याला आता उमगलं. तो खाली बर्फावरच बसला. "मी स्वावासाठी…" एवढंच त्याला बोलता आलं.

बाल्डर पुढे सरसावला. अकरा वर्षांत तो या माणसापासून हाताच्या अंतरावर उभा राहिला नव्हता.

"अरे गाढवा!" बाल्डर गर्जला.

स्काप्टीने वर बघितलं. "काय म्हणालास?"

"गाढवा म्हणालो! मागितलं असतंस तर पिंप उचलून दिलं नसतं का मी? आणि वर हेही सांगितलं असतं, की त्याने बर्फ होत नाही, लापशी होते! मान बघ त्याची! हा ड्रॅगन आहे की सर्दी झालेलं बदक?"

"बदक?" स्काप्टी उठून उभा राहिला. "तुला डोकं कोरता येतं का? तू शाळेत मासा कोरलास तो बाईंना बटाटा वाटला होता!"

"तो बटाटाच होता!"

स्वावाने अर्नेलचा हात घट्ट धरला. "बोलतायत," ती कुजबुजली. "आत्या, ते बोलतायत."

७

निळी होडी त्या दुपारीच फोडली. तुकडे झाकणाच्या पिंपांत भरले आणि नगरपालिकेच्या विषारी कचऱ्याच्या कोठारात नेऊन दिले. खालचा बर्फही खरवडला. मुंडीने स्वतः उभं राहून शेवटचा निळा ठिपका काढून घेतला आणि मगच कुत्रीला बाहेर सोडलं. स्काप्टी तिन्ही गाडीवाल्यांकडे जाऊन माफी मागून आला. गावच्या प्रत्येक टाकीतलं ते पाणी अर्नेलने काढलं आणि स्काप्टीच्या सीलबंद बाटल्यांतलं भरलं. सगळ्या गाड्या गुलाबी थुंकू लागल्या.

मग तलावातून स्वच्छ बर्फाच्या लाद्या कापून आणल्या आणि नवी होडी सुरू झाली, बिनरंगाची. कोरायला स्काप्टी, चुका दाखवायला बाल्डर. रोहेलिओने आयुष्यात पहिल्यांदा छिन्नी हातात घेतली आणि ड्रॅगनच्या गळ्यात जाईची माळ कोरली. ती सगळ्यात सुरेख झाली. उन्हात होडी अशी दिसत होती की आरपार बघावं तर पलीकडची माणसं वितळल्यासारखी हसताना दिसावीत.

शनिवारी दुपारी दोनला चर्च भरलं. समोर नवरानवरी उभे. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि थांबले.

मागच्या बाकावरून आवाज येत होता.

"शिवला होता!"

"नव्हता शिवला! झाडू वीतभर लांब होता!"

"तुझी वीत केवढी आहे ती मला माहीत आहे!"

"हळू बोल, पोरीचं लग्न आहे!"

"तूच हळू बोल!"

लोकांनी माना वळवल्या. पाद्रीबाबांनी चष्म्यावरून मागे नजर टाकली, मग गुड्नीकडे. बाईंनी एक शब्द टाकला असता तर दोघं गप्प झाले असते. पण बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

"त्यांना थांबवू का?" पाद्रीबाबांनी नवरीला हळूच विचारलं.

स्वावाने मागे वळून बघितलं. वडील आणि धर्मपिता, दोघांची नाकं एकमेकांना टेकायची बाकी होती.

"नको हो, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "अकरा वर्षांचं साचलंय. वाहू द्या थोडं."

आणि लग्न दहा मिनिटं उशिरा लागलं.